हापूसची कोय लावली, आला रायवळ. बदललं नेमकं कुठे?

नाहूरची_नूतन | २३ मे, रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न आंब्याचा आहे, पण आलाय दहावीच्या विज्ञानातून.

२००९ च्या पावसाळ्यात माझ्या बाबांनी सोसायटीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीशेजारी, देवगड हापूसची कोय पुरली. पेटी गावाहून आलेली, आंबा खात्रीचा. कोय त्यांनी स्वतः धुऊन, राखेत घोळवून, सावलीत वाळवून लावली होती. झाड वाढत वाढत आमच्या तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत पोचलं. बाबा २०१७ ला गेले. दोन वर्षांपूर्वी पहिला मोहोर आला तो सगळा गळला. यंदा मात्र झाड लगडलं. आढी लावली, आठ दिवस येता-जाता वास घेतला. कापला तर आत पिवळाफटक, दोऱ्यांनी भरलेला, आंबटगोड. सुरीने कापायचा नाहीच तो, माचून चोखायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं हा तर रायवळ! तुझ्या वडलांना कुणीतरी भलतीच पेटी गळ्यात मारली." मला ते फार लागलं.

लेक आता दहावीत जाईल. तिचं म्हणणं असं: "पुस्तकात लिहिलंय की सूत्री विभाजनात एका पेशीच्या अगदी तिच्यासारख्याच दोन पेशी होतात. अख्खं झाड त्या एका कोयीतून असंच विभागत मोठं झालं ना? मग बदललं कुठे?"

मी वाणिज्य शाखेची. "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली आहे. उद्या रविवार आहे, सुटका नाही.

तळकोकणी | २३ मे, रात्री ११:०५

ताई, कोय लावन हापूस गावलो असतो तर आमी कलमां कित्याक बांधली असती?

गंमत सोडा. बाबांना कुणीही फसवलेलं नाही, पेटी हापूसचीच होती. कोयीतून येतो तो रायवळच, मग कोय कुठल्या का आंब्याची असेना. रायवळ ही जातच नव्हे, कोयीपासून वाढलेल्या प्रत्येक झाडाला आमच्याकडे रायवळ म्हणतात. म्हणून दोन रायवळ कधी सारखे नसतात. आमच्या घराच्या मागे सात आहेत, सातांची सात नावं: साखरी, शेपू, बिटकी... एकाला तर शेपूसारखाच वास येतो. काकूंना सांगा.

उगाच_एक | २४ मे, सकाळी ७:५२

माझ्या काकांच्या पनवेलच्या बंगल्यात कोयीचा हापूस आहे. चव एक नंबर. तेव्हा हे "येतच नाही" वगैरे नर्सरीवाल्यांनी कलमं खपवायला उठवलेलं आहे.

खडू_आणि_फळा | २४ मे, सकाळी ९:३०

नूतन, तुझ्या लेकीचा प्रश्न इतका नेमका आहे की ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला सकाळचा चहा बाजूला ठेवावा लागला. "बदललं कुठे?" असं विचारणारी मुलं वर्गात दोन-तीनच निघतात. बाकीची चार अवस्थांची नावं घोकतात आणि मध्यावस्थेच्या आकृतीला बाण काढतात.

उत्तर असं: नाहूरमध्ये काहीच बदललं नाही. जे बदललं ते देवगडला, कोय पुरायच्या पाच-सहा महिने आधी, मोहोरात बदललं.

ती म्हणते ते शब्दशः खरं आहे. कोय रुजल्यापासून आजपर्यंत त्या झाडात खोड, पानं, मुळं वाढली ती सगळी सूत्री विभाजनाने. आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रं असतात, म्हणजे झाडाचे गुण पुढे नेणारे धागे. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब जोडप्रत तयार होते आणि दोन्ही प्रती गुणसूत्रबिंदूपाशी चिकटून राहतात. मग ती पेशीच्या मधल्या रेषेवर ओळीने उभी राहतात. दोन टोकांकडून आलेले तुर्कतंतू त्यांना धरतात आणि एक प्रत इकडे, एक तिकडे ओढली जाते. इकडे ४०, तिकडेही तेच ४०. वनस्पतीत मधे नवी भिंत उभी राहते, प्राण्यांच्या पेशीला कमरेत खाच पडून ती दुभंगते. झालं. झेरॉक्सच.

पण मोहोरात वेगळा कारभार चालतो. परागकण आणि अंडपेशी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होतं. हे मी वर्गात पत्त्यांनी शिकवायची, एक पत्ता म्हणजे एक गुणसूत्र. समज, हापूसच्या झाडाकडे २० पत्ते लाल पाठीचे आहेत, त्याच्या आईकडून आलेले, आणि २० निळ्या पाठीचे, बापाकडून आलेले. लाल एक्का निळ्या एक्क्याशेजारी येऊन बसतो, दुर्री दुर्रीशेजारी. इथे खरी गंमत आहे. जोडीने बसलेले असताना ते आपापले तुकडे एकमेकांत बदलतात, पुस्तकात याला पारगती म्हणतात. लाल एक्क्याचा कोपरा निळा होऊन बसतो. मग प्रत्येक जोडीतला एक पत्ता एका पेशीत, दुसरा दुसऱ्या पेशीत जातो. कुठला कुठे जाईल याला नियम नाही. त्यानंतर आणखी एक विभाजन, आणि एका पेशीच्या चार होतात, प्रत्येकीत २० च गुणसूत्रं. अंडपेशीच्या बाबतीत त्या चारांपैकी तीन मरतात, एक टिकते.

तुकड्यांची अदलाबदल सोडून दिली तरी २० जोड्यांतून पत्ते उचलण्याचे प्रकार किती? १०,४८,५७६. परागकणाकडूनही तितकेच. दोघांचा गुणाकार केला तर १ लाख ९ हजार कोटींच्या वर जातो. त्यातलं एक पान तुझ्या बाबांच्या हाती लागलं.

हापूस म्हणजे ४० पत्त्यांचा एक ठरावीक डाव. मोहोरात तो पिसला गेला की मोडला.

नाहूरची_नूतन | २४ मे, सकाळी १०:१५

बाई, लेकीला वाचून दाखवलं. ती लगेच पत्ते शोधायला गेली, दोन कॅट मिळाले, एकातली चौकट सत्ती हरवलेली. तिचा उलटा प्रश्न: मोहोरातच जर सगळं पिसलं जातं, तर देवगडच्या झाडाचा प्रत्येक आंबा वेगळा का लागत नाही? पेटीतले चार डझन तर सारखेच असतात.

खडू_आणि_फळा | २४ मे, सकाळी ११:०२

हिला माझ्याकडे पाठवून दे, मी पाळते.

आपण खातो तो गर नवीन जिवाचा नसतोच, आईचा असतो. फुलातल्या अंडाशयाच्या भिंतीची साल होते, तिचाच गर होतो, आणि कोयीचं ते केसाळ कठीण कवचही तिचंच. हे सगळं त्या झाडाच्या आपल्या पेशींचं, सूत्री विभाजनाने वाढलेलं. पराग शेजारच्या कुठल्याही रायवळाचा असो, माशी कुठूनही हिंडून आलेली असो, गर हापूसचाच येणार. नवीन जीव आहे तो कवचाच्या आत, त्या पांढऱ्या बीमध्ये. म्हणजे बाबांनी हापूस खाल्ला आणि पुरलं ते हापूसचं मूल.

भायखळा_फास्ट | २४ मे, दुपारी १:२०

माझगावात जन्म काढला. एके काळी माझगावचे आंबे नावाजलेले होते म्हणतात. आता आंबा शोधायचा तर फळवाल्याच्या गाडीवर. पण "हापूसचं मूल" वाचल्यावर आमरस घशाखाली उतरायला जरा वेळ लागला.

उगाच_एक | २४ मे, दुपारी २:०८

माझ्या काकांच्या झाडाचं उत्तर कुणी दिलं नाही.

तळकोकणी | २४ मे, रात्री ९:४५

देतो. तीन शक्यता. एक, काका विसरले आहेत, झाड कलमाचंच आहे. कलमी झाडाच्या बुंध्याशी सांधा दिसतो, खाली-वर सालीची जात बदलते, जाऊन बघा. (उलटंही होतं. विकत आणलेल्या हापूस कलमाची वरची काडी मरते, खालचा खुंट फुटतो, माणूस दहा वर्षं हापूस म्हणून रायवळ वाढवतो आणि नर्सरीवाल्याच्या नावाने खडे फोडतो.) दोन, चव हापूसच्या जवळची आहे, पण हापूस नाही. आईचे अर्धे पत्ते आलेत म्हटल्यावर तोंडवळा येणारच. तीन, लॉटरी लागली.

आणि तिसरी शक्यता थट्टेवारी नेऊ नका. पहिला हापूससुद्धा कधी काळी कुठल्यातरी कोयीतूनच आला. कुणीतरी तो चाखला, त्याला आवडला, आणि त्याची कलमं बांधत गेले. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात कलमांचं तंत्र फोफावलं, पोर्तुगीज नाव अफोन्सो, त्याचा आफूस, हापूस झाला. तेव्हापासून जे काही हापूस आहे ते सगळं काडीवरून काडी. देवगडचा, रत्नागिरीचा, माझ्या दारातला, झाड म्हणाल तर एकच आहे, मुळं तेवढी वेगवेगळी.

पत्ते मुद्दाम पिसून बघायचं कामही आमच्याकडे झालंय. कोकण कृषी विद्यापीठाने वेंगुर्ल्यात नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ मध्ये 'रत्ना' काढला. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर, तो 'सिंधू', १९९२. सिंधूची कोय इतकी पातळ की आंबा कापताना सुरी अडत नाही. अशा संकरात रोपं ढिगाने लावायची, फळं येईपर्यंत वर्षानुवर्षं सांभाळायची आणि शेवटी एखाददुसरं ठेवायचं. तुमच्या काकांनी ते एका कोयीत साधलं असेल तर मला दोन काड्या पाठवा.

गुणसूत्री | २४ मे, रात्री ११:३०

एक पुरवणी. काही आंब्यांच्या कोयीतून खरंच आईसारखंच झाड येतं. ओलूर, चंद्रकरन, बाप्पाकाई या पश्चिम किनाऱ्यावरच्या जातींत एका कोयीत अनेक गर्भ असतात आणि त्यातले बरेचसे आईच्या साध्या पेशींपासून, पत्ते न पिसता झालेले असतात. कोयीतून तीन-चार कोंब एकदम येतात. हापूस एकगर्भी आहे, तिथे ही सवलत नाही.

मी परळला एका लॅबमध्ये आहे. दिवसभर माणसांची गुणसूत्रं मोजते, म्हणून हा धागा उघडला. आमच्याकडे रक्ताचा नमुना येतो, त्यातल्या पांढऱ्या पेशींना तीन दिवस ३७ अंशांवर ठेवून विभाजनाला उद्युक्त करायचं. विभाजन ऐन मध्यावस्थेत, म्हणजे प्रती ओढल्या जायच्या आधी, अडवायला कोल्चिसिनच्या जातीचं औषध घालायचं. त्याने तुर्कतंतू तयारच होत नाहीत आणि गुणसूत्रं रेल्वे फाटक पडल्यासारखी जागच्या जागी थांबतात. कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असतं बरं, तीच आगीच्या ज्वाळेसारख्या फुलांची वेल, पावसाळ्यात कोकणात कुंपणाकुंपणावर दिसते. विषारी आहे, घरी प्रयोग नकोत. सदाफुलीतून मिळणारी कर्करोगावरची औषधंही याच तंतूंवर घाव घालतात.

मग पेशी फुगवून त्यांचा थेंब वरून काचेवर टाकायचा. जुलैत हा थेंब आमचा अंत पाहतो. मुंबईच्या दमट हवेत काच वाळायला वेळ लागतो, गुणसूत्रं पार पांगतात, एका पेशीची दुसरीत मिसळली की मोजणी बोंबलली. एसी जास्त केला तर लवकर वाळून ती गोळ्याने बसतात. म्हणून पावसाळ्यात आम्ही आधी हवेतला दमटपणा बघतो, मग ड्रॉपर उचलतो.

माणसाच्या जोड्या २३. आणि नूतनताई, आंब्याचा मोहोर दर वर्षी नवा येतो, बाईचा येत नाही. अंडपेशींचं अर्धगुणसूत्री विभाजन सुरू होतं ते मुलगी आईच्या पोटात असतानाच. पत्त्यांच्या जोड्या बसतात, तुकडे बदलतात आणि तिथेच सगळं थबकतं. जन्मताना अशा दहा-वीस लाख अर्धवट पेशी असतात. वयात आल्यावर महिन्याला साधारण एक पुढे सरकते, आणि विभाजन पुरं होतं ते शुक्रपेशी आत शिरली तरच. म्हणजे तुमची लेक ज्या अंडपेशीतून झाली, तिचे पत्ते तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होतात तेव्हाच पिसले गेले होते. तीस-पस्तीस वर्षं जोडीने थांबलेली गुणसूत्रं कधी कधी वेळेवर सुटी होत नाहीत. २१ वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन आलं की डाउन सिंड्रोम. हे १९५९ मध्ये पॅरिसमध्ये समजलं. अहवाल हातात घेतलेल्या आईला मी हे रोज सांगू शकत नाही, माझं टेबल आतल्या खोलीत आहे. पण "मी गरोदरपणात काय चुकीचं खाल्लं?" हा तिचा प्रश्न दाराआडून ऐकू येतो. काहीही नाही खाल्लं, बाई. बहुतेक वेळा ते गर्भ राहायच्या आधीच झालेलं असतं.

भायखळा_फास्ट | २५ मे, सकाळी ८:१०

परळचा विषय निघालाच आहे तर, ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांनी. भारतातली पहिली.

गुणसूत्री | २५ मे, सकाळी ८:४४

शास्त्रीय नोंदी पूर्ण असलेली पहिली. त्याआधी ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी हे करून दाखवलं होतं. त्यांना हयातीत मान मिळाला नाही, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

उगाच_एक | २५ मे, सकाळी ९:१५

आंब्याच्या धाग्यावर रडवू नका. प्रश्न: नारळाचं कलम का नसतं? आणि केळ्याला बी का नसते?

तळकोकणी | २५ मे, रात्री १०:२०

कलम जुळतं ते साल आणि लाकूड यांच्यामधल्या ओलसर हिरवट पापुद्र्यामुळे. तिथल्या पेशी विभागायच्या थांबलेल्या नसतात. काडीचा पापुद्रा खुंटाच्या पापुद्र्याला टेकला की दोन्हीकडून पेशी वाढून सांधतात. माडाच्या खोडात तो पापुद्राच नाही, म्हणून माड लावायचा तो नारळ पुरूनच.

केळीचं बाई सांगतील.

खडू_आणि_फळा | २६ मे, सकाळी १०:००

केळीत गुणसूत्रांचे ११-११ चे तीन संच, एकूण ३३. दोघांची जोडी जमते, तिसरा उपरा. जोड्या जुळल्याशिवाय अर्धगुणसूत्री विभाजन नीट पार पडत नाही, म्हणून बी नाही. केळं कापल्यावर मधे दिसणारे काळे ठिपके म्हणजे राहून गेलेल्या बिया. वंश चालतो मुनव्यांवर, म्हणजे बुडाशी फुटणाऱ्या पिल्लांवर. वसईची सुकेळी ज्या राजेळीची करतात, तीही अशीच.

नूतन, पोरीला कांद्याचा प्रयोग करून दे. अर्धा पेला पाणी, त्यावर कांदा असा ठेव की फक्त बूड टेकेल. तीन दिवसांत पांढरी मुळं येतील. सकाळी टोकाकडचा दोन-तीन मिलिमीटर तुकडा कापायचा, पुढचं शाळेच्या प्रयोगशाळेत: सौम्य आम्ल, अॅसिटोकार्माइनचा थेंब, किंचित ऊब, वर काच आणि टिपकागदातून अंगठ्याने दाब. व्हिनेगरचा वास बोटांना दुपारपर्यंत राहतो. कांद्याची १६ गुणसूत्रं लठ्ठ असतात, नवख्यालाही दिसतात. आणि लासलगावला किरण दिलेला कांदा नको. तुर्भ्याच्या भाभा केंद्राने तिथे २००२ पासून ही सोय केली आहे. त्या किरणांनी कोंबाच्या पेशी विभागूच शकत नाहीत, म्हणून कांदा मोडावत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यालाही २००७ पासून किरण देतात, कोयीत लपलेल्या भुंग्याची पुढची पिढी होऊ नये म्हणून.

नाहूरची_नूतन | १४ जून, रात्री ११:५५

धागा वर आणतेय. कांदा जमला, तिने पश्चावस्थेतली, म्हणजे प्रती दोन टोकांकडे ओढल्या जातानाची, एक पेशी शोधली आणि शाळेच्या शिपायालासुद्धा दाखवली.

पण आज दुसरंच सांगायचंय. पुनर्विकासाचा करार झाला. दिवाळीनंतर बिल्डिंग रिकामी करायची आहे. नकाशात पाण्याच्या टाकीपाशी गाड्यांचा रॅम्प आहे. झाडासाठी पालिकेच्या परवानगीचं जे व्हायचं ते होईल, मला फारशी आशा नाही.

यंदाच्या आंब्यांच्या अकरा कोयी मी जपून ठेवल्यात. मनात होतं की कुंड्यांत लावू. लेक म्हणाली, "आई, त्यातलं एकही आजोबांचं झाड नसेल." मी विसरलेच होते.

तळकोकणी, रायवळाचं कलम बांधतात का हो?

तळकोकणी | १५ जून, सकाळी ६:३०

झाडाला काय माहीत आपण रायवळ आहोत ते.

ऐका. तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, निरोगी शेंडे निवडा. आजच त्यांची पानं कापा, देठ ठेवून. आठ-दहा दिवसांत शेंड्याचे डोळे फुगतील. मग वीतभर काड्या कापून केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळा आणि रात्रीच्या गाडीने येणाऱ्या माणसाकडे द्या. माझा भाचा २६ ला दादरहून निघतोय. त्या अकरा कोयी टाकू नका, ओल्या वाळूत रुजत घाला आणि तांबूस कोंबांसकट त्याच्याजवळ द्या. खुंट त्यांचेच करू. दोन आठवड्यांच्या कोवळ्या रोपावर पाचर मारून बांधायचं, याला आम्ही कोय कलम म्हणतो.

नाहूरची_नूतन | १५ जून, सकाळी ७:०५

ग्रिलमधून हात घालून नऊ शेंड्यांची पानं कापली. चीक लागून हात चिकट झालेत. काकू खालून विचारत होत्या, काय चाललंय.

तळकोकणी | ९ ऑगस्ट, रात्री ८:१५

नूतनताई, नऊ बांधली होती. दोन पावसात कुजली, एकाची काडी काळी पडली. सहा जगली. चार पानं आलीत, अजून तांबडीच आहेत, हात लावला तर ओल्या कागदासारखी. पिशवीवर नाव काय घालू? नर्सरीत नावाशिवाय ठेवता येत नाहीत, माझी आई रायवळ समजून खुंटाला वापरून टाकील.

उगाच_एक | ९ ऑगस्ट, रात्री ८:४०

'हापूसचं मूल' घाला. आणि एक कलम मला. काकांच्या झाडाचा बुंधा जाऊन बघितला, सांधा आहे.

नाहूरची_नूतन | ९ ऑगस्ट, रात्री ९:२०

लेक म्हणते, कोयीचा तो रायवळ, मग हे आता रायवळ राहिलं नाही, कलमी झालं.

नाव 'नाहूर' घाला. काकूंनाही एक हवंय.